घासलेले टोक

चौकशी समितीसमोर माझ्या डोळ्यांत पाणी आले ते दाढेमुळे आले. हे एकदा स्वच्छ सांगून टाकणे मला आवश्यक वाटते, कारण त्या पाण्याचा जो अर्थ समितीने लावला तो मला अजून जाळतो आहे. मी गार पाण्याचा एक घोट घेतला. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेतून कळ निघाली, कानामागून वर चढली, डोळ्याच्या खोबणीत जाऊन थांबली, आणि माझ्या इच्छेविरुद्ध डोळे भरले. समोर समितीचे अध्यक्ष, म्हणजे आमच्या कारखान्याचे कार्मिक अधिकारी, बसले होते. त्यांनी हातातले कागद बाजूला सारले आणि आजाऱ्याशी बोलावे तशा आवाजात म्हटले, "साहजिक आहे, साहेब. हाताखाली वाढवलेला माणूस. आम्ही समजू शकतो." समजू शकतो! मी खुलासा करायला तोंड उघडले, तेवढ्यात आत शिरलेल्या हवेने दुसरी कळ आली आणि मी सगळ्यांच्या देखत पुन्हा रडलो. इतिवृत्तात नोंद झाली : 'विभागप्रमुख भावनावश झाले.' ती नोंद काढून टाकावी असा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी, कारणांसह, दिला. अध्यक्ष हसले. "राहू द्या हो, काय बिघडतंय?" मी राहू देणारा माणूस नाही. मोजमाप विभागात सव्वीस वर्षे काढलेला माणूस काही राहू देत नाही. त्याला पगारच त्याचा मिळतो.

ज्याच्यासाठी मी रडलो असे समितीने ठरवले, तो माझा दुय्यम निरीक्षक. त्याला सगळा कारखाना पेन्सिल म्हणतो. कानावर पेन्सिल खोचलेली, अंगकाठीही तशीच, आणि बोलणे इतके थोडे की टोक झिजेल या भीतीने बोलत नसावा असे वाटावे. नऊ वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला उंचीमापकाचा काटा वाचता येत नव्हता. मी शिकवले. हात धुऊन, कोरडे करून, मग वस्तूला लावायचे हे शिकवले. पोलाद हाताच्या उबेनेही वाढते, म्हणून उबदार वस्तू कधी मोजायची नाही हे शिकवले. आणि या माणसाने पंपाचे साठ दांडे तीन दशांश मिलिमीटरने लांब असताना बरोबर म्हणून पास केले. तीन दशांश म्हणजे किती, असे अध्यक्षांनी मला विचारले होते, बोटांत चिमूट धरून. मी सांगितले, चिमूट धरून दाखवता येणार नाही इतके. दांडा तापला की लांबतो, त्यासाठी टोकाशी जेवढी मोकळी जागा सोडलेली असते, तेवढे. ती जागा नव्हती. दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाकडचा एक पंप अडला, उकळत्या पाण्याचा नळ सुटला आणि तिथल्या जोडाऱ्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याची कातडी आता आवळली आहे. मूठ मिटत नाही. मी त्याला भेटून आलो होतो. समितीतल्या कोणी गेले नव्हते.

आज चार वाजता समितीची शेवटची बैठक होती. अहवाल टंकून तयार होता. पेन्सिलला कामावरून काढावे या शिफारशीखाली विभागप्रमुख म्हणून माझी सही व्हायची राहिली होती. आणि दोन वाजता मी दाताच्या दवाखान्यात होतो, कारण सकाळी दाढ पुन्हा ठणकू लागली होती आणि कोणत्याही परिस्थितीत मला त्या खोलीत दुसऱ्यांदा रडायचे नव्हते. "आजच कशाला?" बायको म्हणाली होती. "अर्धं तोंड बधिर घेऊन जाणार का मीटिंगला?"

"सही हाताने करतात."

"आणि बोलायचं नाही काही?"

"माझं बोलून झालंय."

"तुमचं बोलून झालंय?" ती दारात थांबली. "थांबा, तारीख लिहून ठेवते कॅलेंडरवर."

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एक माहितीपत्रक ठेवले होते. त्यावर हातपाय फुटलेली एक हसरी दाढ, आणि खाली : 'रूट कॅनाल : काय अपेक्षा ठेवाल?' मी ते वाचले, कारण हातात आलेले वाचल्याशिवाय मला सोडवत नाही. 'आपल्याला किंचित दाब जाणवेल.' किंचित हे माप नव्हे. 'काही रुग्णांना सौम्य अस्वस्थता वाटू शकते.' काही म्हणजे शंभरांत किती? 'उपचारानंतर आपला दात पूर्वीसारखाच काम करील.' ज्याची नस काढून टाकली, ज्याला आता थंड कळत नाही, गरम कळत नाही, दुखावले तर ओरडता येत नाही, तो पूर्वीसारखा कसा? तो मेलेला दात. त्याला जागेवर उभा ठेवायचा, वर टोपी चढवायची आणि बत्तिशीत मोजायचा. मला एकाएकी समितीतले सगळे सदस्य आठवले. पण खरा संताप त्यांच्यावर नव्हता. संताप पेन्सिलवर होता. आणि तो त्याने चूक केली म्हणून नव्हता. चूक माणसाच्या हातून होते, ती मी मान्य करतो, कारण विभाग तिच्यासाठीच असतो. संताप याचा, की तो भांडला नाही. तीन बैठका झाल्या. तिन्हींत तो खुर्चीच्या कडेवर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि प्रत्येक प्रश्नाला म्हणाला, "साहेब सांगतील ते." एकदाच, दुसऱ्या बैठकीत, तो माझ्याकडे वळून म्हणाला होता, "मी नेहमीच्याच ठोकळ्यावर ठेवून मोजलंय, साहेब." मी म्हणालो, "ठोकळा चुकत नाही. माणूस चुकतो." त्याने माझ्याकडे पाहिले, बराच वेळ, आणि मग मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला नऊ वर्षांच्या शिकवणीचा अपमान वाटली. वाद घाल, मूर्खा! आकडे मांड. चुकलास तर कुठे चुकलास ते दाखव. मी तुला गप्प बसायला शिकवले नव्हते.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा लहान असतील. त्यांची मदतनीस त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी, जाड चष्म्याची, आणि दवाखाना आपणच चालवतो अशा ऐटीत वावरणारी. मागच्या आठवड्यात दाढेवरचे पहिले काम झाले होते. तेव्हा नसा काढल्या, मुळांच्या नळ्या मोजल्या, आत औषध घालून वर तात्पुरते सिमेंट बसवले. आज त्या नळ्या पुन्हा साफ करून कायमच्या भरायच्या होत्या. "एका नळीत अजून थोडा जीव शिल्लक दिसतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणून आजही सुई देते. दुखलं तर डावा हात वर करा. बोलू नका."

"बोलायची सवय आहे यांना," मदतनीस म्हणाली. "मागच्या वेळी तोंडात नळी असताना वाद घालत होते."

"वाद नव्हता," मी म्हणालो. "शंका होती."

"आ करा," ती म्हणाली.

सुई जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात शिरली. थोड्या वेळाने ओठ जड झाला, मग जिभेची अर्धी बाजू, मग हनुवटी. आपल्याच चेहऱ्यावर कोणी परक्या माणसाचा चेहरा बसवत आहे असे वाटू लागले. दाढेला एक पोलादी चिमटा लावला, त्यावरून निळ्या रबराचा पडदा ताणला, आणि पडद्याच्या छिद्रातून फक्त ती एक दाढ बाहेर राहिली. बाकीचे तोंड, जीभ, आवाज आणि त्यांच्यासकट मी, पडद्याच्या मागे. लाळ ओढणारी नळी गुरगुरत होती. तीव्र, धोब्याच्या हौदासारखा वास आला. मग बाईंनी केसासारख्या बारीक सुया उचलल्या. प्रत्येक सुईला रंगीत मूठ आणि पात्यावर एक इवलीशी रबरी चकती, मागेपुढे सरकणारी. चकती दाढेच्या टोकाला टेकली की सुई तेवढीच आत जाते. तेवढे पाहून मला, रागातही, बरे वाटले. या बायका मोजणाऱ्या होत्या.

मदतनिशीने कागद वाचला : "पुढची नळी, एकवीस. गालाकडच्या टोकापासून." डॉक्टरीणबाईंनी लहानशा पट्टीवर सुई धरून चकती एकविसावर आणली. मी दिव्याच्या काचेत त्यांचे हात उलटे पाहत होतो. सुई आत जाणार, तोच त्या थबकल्या.

"थांबा. गालाकडचं टोक?"

"हो. मागच्या बुधवारी तुम्हीच सांगितलंत, मी लिहिलं."

"पण नंतर यांनी तक्रार केली ना, चावताना वरचा दात लागतोय म्हणून? तेव्हा मी ते टोक घासलं. आधी मोजलं, मग घासलं." त्यांनी सुई खाली ठेवली. "हा आकडा आता खोटा आहे. तुमचा नाही हो, आकडा बरोबरच होता. जिथून मोजलं ती जागाच आता तिथे नाही. पुन्हा मोजू."

"मग एकवीसने गेलो असतो तर?" मदतनिशीने विचारले.

"मुळाच्या बाहेर गेलो असतो. हाडात."

एका लहान यंत्राची तार ओठाला अडकवली गेली. सुई खाली उतरू लागली तशी यंत्राची टिकटिक वाढत गेली आणि मग एकसंध सूर लागला. "वीस पूर्णांक तीन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुनं खोडा. नवीन लिहा, आणि पुढे लिहा, टोक घासल्यानंतर."

मी त्या वेळी काही विचार करत नव्हतो. मला ठोकळा दिसला, इतकेच. पोलादी, चाळीस मिलिमीटर उंच, मधोमध भोक असलेला. पंपाच्या त्या दांड्याला खालून निमुळते टोक होते, त्यामुळे तो मेजावर उभा राहत नसे. टोक भोकात सोडून दांडा ठोकळ्यावर उभा करायचा, मेजापासून एकूण उंची मोजायची आणि त्यातून ठोकळ्याचे चाळीस वजा करायचे. ती पद्धत मी बसवली होती. चाळीसचा आकडा भिंतीवरच्या तक्त्यात माझ्या अक्षरात होता. आणि एका शनिवारी दुपारी, विभाग सुटल्यावर, मी त्या ठोकळ्याच्या वरच्या अंगावरून नख फिरवले आणि नख अडले. कोणीतरी तो पाडला होता. कोणी, ते मला कधी कळले नाही; त्या क्षणी मला पाडणाऱ्याचा गळा धरावासा वाटला होता. खरवडलेला संदर्भ-ठोकळा मी माझ्या विभागात सोमवारपर्यंतही सहन करणार नव्हतो. दुसऱ्या कोणाच्या हातात देण्याइतका माझा कोणावर विश्वास नव्हता, म्हणून मी स्वतः तो घासयंत्रावर चढवला. खाच खोल होती. ती जाईपर्यंत मी घासत गेलो. आरशासारखा झाला. मग मोजायचे होते. पण घासलेले पोलाद गरम असते, आणि उबदार वस्तू मोजायची नाही. नियम माझाच. मी तो पुसला, तेलाचा हात फिरवला, पेटीत ठेवला आणि ठरवले की सोमवारी, थंड झाल्यावर, नीट मोजून तक्त्यातला आकडा बदलू. दुसऱ्या एखाद्या गबाळ्या माणसाने गरमागरम मोजून काहीतरी खरडले असते आणि त्याचे काहीतरीसुद्धा खरे ठरले असते! सोमवारी पहाटे ही दाढ पहिल्यांदा ठणकली. मी तीन दिवस रजेवर होतो, आणि परतलो तेव्हा ठोकळा डोक्यातून पार गेलेला होता. मधल्या मंगळवारी त्या ठोकळ्याच्या मापाने यंत्र लावून केलेले साठ दांडे त्याच्यावरच मोजले गेले.

मी डावा हात वर केला.

"दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी लगेच हात काढून घेतले.

दुखत नव्हते. काहीच दुखत नव्हते, हाच त्या क्षणी मला असह्य अन्याय वाटला. मी मान हलवली. पडद्यामागून काहीतरी आवाज काढला.

"दुखत नाही, तर हात कशाला?" मदतनीस म्हणाली. "शंका असेल."

"अजून वीस मिनिटं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता मध्ये सोडता येणार नाही."

ती वीस मिनिटे मी स्वतःशी भांडलो, आणि मी भांडणात सहसा हरत नाही. मी म्हणालो, किती घासला गेला हे तुला ठाऊक नाही. एक दशांशही असेल. मी म्हणालो, पेन्सिलने रोज ठोकळा तपासायला हवा होता. पण रोज तपासण्याचा नियम मी कुठे केला होता? मी म्हणालो, मोजमापाची साधने समितीने तपासून घेतली होती. घेतली होती, आणि 'ठोकळा व तक्ता बरोबर' हे प्रमाणपत्र कोणी लिहून दिले होते? मी. मोजून? न मोजता. माझा ठोकळा होता म्हणून. प्रत्येक मुद्दा मी मांडत होतो आणि प्रत्येक मुद्दा वळून माझ्याकडेच तोंड करत होता, आणि या सगळ्या वेळात माझ्या जबड्यात कोणीतरी गुलाबी, रबरासारख्या काड्या एकेक करून खोचत होते, तापलेल्या सळीने वरचे टोक तोडत होते, जळका वास येत होता. मला डॉक्टरीणबाईंचा राग आला. पाच सेकंद थांबून, हातातली सुई खाली ठेवून, ही पोर किती सहज म्हणाली की आकडा खोटा आहे! तिचा आवाजसुद्धा बदलला नाही. तिला त्यात स्वतःचा कमीपणा वाटला नाही. मला सव्वीस वर्षांत एकदाही तसे म्हणता आले नव्हते, कारण सव्वीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती. की आली होती, आणि दर वेळी एखादा पेन्सिल मान खाली घालून उभा होता? हा विचार मी पुरा केला नाही.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन तास या बाजूने काही खाऊ नका. बोललात तर जीभ चावली जाईल, कळणारही नाही."

कारखान्यात पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. मी आधी विभागात गेलो. पेटी उघडली, ठोकळा मेजावर ठेवला, हात धुतले, कोरडे केले, आणि मोजला. एकोणचाळीस पूर्णांक सात; तक्त्यातले चाळीस वजा केले की प्रत्येक दांडा तीन दशांश आखूड दिसणार. पुन्हा मोजला. मग तो रुमालात गुंडाळून खिशात घातला. खिसा एका अंगाला ओढला जात होता. समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर पेन्सिल बसला होता. मला पाहून तो उठला. नऊ वर्षांत तो दर वेळी असाच उठला होता.

"गाल सुजलाय, साहेब."

"ठोकळा मी घासला होता," मी म्हणालो. शब्द जाड होऊन, ओठांच्या एका कडेने बाहेर पडले. हनुवटीवरून काहीतरी ओघळले ते मला जाणवले नाही. त्याची नजर तिथे गेली म्हणून मी पुसले. "तीन दशांश."

"हो," तो म्हणाला.

त्या 'हो' मध्ये आश्चर्य नव्हते. मी ते शोधले. नव्हते.

"तुला ठाऊक होतं?"

"अपघातानंतर मी मोजला. घासयंत्राच्या वहीत त्या शनिवारी तुमचं अक्षर आहे."

"मग बोलला का नाहीस? तीन बैठका! समोर बसून, ठोंब्यासारखा..." माझा आवाज चढला, दोन कारकून वळून पाहत पुढे गेले. "मी काय शिकवलं होतं तुला?"

तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडलेला दिसला. चिडला म्हणजे काय, कानावरची पेन्सिल काढून त्याने हातात घेतली. "बोललो होतो, साहेब. ठोकळ्याचं मीच काढलं होतं. तुम्ही म्हणालात, ठोकळा चुकत नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळंच. मला वाटलं, तुमचं ठरलंय तसं. तुमची तीन वर्षं राहिलीत. मी काय, कुठेही चिकटेन." तो थांबला. "घरी बायकोला पण तेच सांगितलं मी. म्हटलं, साहेबांनी ठरवलंय."

म्हणजे तीन आठवडे हा माणूस रोज सकाळी माझ्यासमोर आला, मला नमस्कार केला, माझ्या मेजावरची मापके पुसून ठेवली, आणि या सगळ्या वेळी त्याच्या मनात मी कोण होतो! आणि तसा मी असूनही तो मला साहेब म्हणत राहिला. जणू साहेब तसेच असतात, त्यात रागावण्यासारखे काय. मला त्याला मारावेसे वाटले. त्याच्या घरी जाऊन, दार वाजवून, त्याच्या बायकोला सांगावेसे वाटले. "मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "ऐक. मला खरोखर माहीत नव्हतं. आज कळलं."

"बरं," तो म्हणाला.

त्याने ते फार समजूतदारपणे म्हटले. दार उघडले. अध्यक्ष स्वतः बाहेर आले. "या, साहेब, या. अरे, तोंडाचं काय झालं हे? दाढ? मग बोलू नका तुम्ही, बोलायचं काही नाहीच. फक्त सही. पाच मिनिटांचं काम." मी पेन्सिलचा दंड धरला आणि त्याला आत नेले. "यांची आज गरज नाही," अध्यक्ष म्हणाले. मी खिशातून रुमाल काढला, ठोकळा अहवालावर ठेवला आणि सांगू लागलो. पहिल्यांदा त्यांना कळले नाही. दुसऱ्यांदा अर्धे कळले. तिसऱ्यांदा मी ओरडलो. शब्द एकेक, सुटा, मेजावर आपटल्यासारखा काढला. शनिवार. घासला. मी. तक्ता तसाच. प्रमाणपत्र माझे, न मोजता. दांडे याने बरोबर मोजले. टंकलेखक बाईंनी एकदा अध्यक्षांकडे पाहिले आणि मग लिहायला घेतले. अध्यक्षांनी अहवाल ठोकळ्याखालून ओढून घेतला, चष्मा काढला आणि माझ्याकडे नव्या नजरेने पाहिले. ती नजर वाईट नव्हती, नुसती हिशेबी होती.

"हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"आज."

"आज कधी?"

"दुपारी. अडीच-तीनच्या सुमारास."

"सहीच्या तासभर आधी." ते थोडेसे हसले, आणि समितीतले दुसरे दोघेही हसले, कोणाचे मन दुखावू नये इतक्या बेताने. "तीन आठवडे नाही, आणि आज. दाताच्या खुर्चीत."

मी पेन्सिलकडे पाहिले. तो मेजाच्या कडेकडे पाहत होता. त्याची नोकरी वाचली होती, ते त्याला कळले होते, त्याच्या खांद्यांवरून ते दिसत होते. आणि साहेब शेवटी शेवटी घाबरले, किंवा विरघळले, असे काहीतरी तो मनाशी मांडत होता, तेही दिसत होते. मला पुरावा देता येत नव्हता. कशावर उभे करून, कुठून मोजून दाखवायचे होते की तीन आठवडे मला माहीत नव्हते? आयुष्यभर मी दुसऱ्याचे जे म्हणणे पुराव्याविना फेटाळत आलो, अगदी तसे माझे म्हणणे त्या खोलीत पडले होते.

"आज," मी पुन्हा म्हणालो. टंकलेखक बाईंची बोटे थांबली होती. "लिहा."